गरम डिस्कवरचा पाय

घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका बाजारपेठेच्या गावात, एकदा एक शिष्य आपल्या गुरूला चोर समजून बसला. तसे समजायला त्याच्यापाशी सबळ कारण होते, आणि म्हणूनच ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. निष्कारण संशय घेणाऱ्याला लोक हसून सोडून देतात. सकारण संशय घेणाऱ्याला मात्र कोणी अडवत नाही, आणि तोही स्वतःला अडवत नाही.

गुरू म्हणजे तात्या. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी मोटारींच्या एका कारखान्यात ब्रेकच्या चाचण्या घेण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर गावाबाहेर त्यांनी एक छोटे वर्कशॉप टाकले आणि तिथे ते फक्त ब्रेकचेच काम घेत. "गाडी पळवायला सगळं जग बसलंय. थांबवायला कुणीतरी नको का?" असे म्हणून हसत. शिष्य म्हणजे जयवंत. डिप्लोमा झाल्यावर तो त्यांच्या हाताखाली शिकायला आला होता. पोरगा हुशार, हाताचा स्वच्छ, आणि नजरेतून काही म्हणता काही सुटायचे नाही. खोड एकच होती. जे दिसेल त्याविषयी तो कधी विचारत नसे, मनातल्या मनात जुळवाजुळव करत बसे.

गावातल्या एका बड्या गूळ-व्यापाऱ्याने हौसेने स्पोर्ट्स कार घेतली होती. लालभडक, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. शेटजी ती रोज वापरत. रोज म्हणजे काय, तर घरापासून अडत दुकानापर्यंत, वाटेत भाजी मंडई, हातगाड्या आणि म्हशी. वाघ पाळावा आणि त्याला पिठाच्या गिरणीत न्यावे, तसला तो प्रकार. एखाद्या रविवारी मात्र ते घाट चढून जात आणि उतरताना आपण तरुण झालो असे त्यांना वाटे.

या गाडीचे ब्रेक झिजले. ब्रेक म्हणजे तरी काय? चाकाबरोबर फिरणारी एक बिडाची चकती, तिला डिस्क म्हणतात. आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे पॅड. नेमकी त्याच सुमारास शेटजींची साठीशांत झाली आणि त्यांच्या व्याह्यांनी अहेरात रेसच्या गाड्यांचा ब्रेकचा संच दिला. डिस्कना नक्षीसारखी भोके पाडलेली, पॅड शर्यतीच्या मैदानावरचे. व्याह्यांच्या मुलाचे, म्हणजे शेटजींच्या जावयाचे, मोटारींच्या सामानाचे दुकान होते. साऱ्या मांडवासमोर खोके उघडले गेले, टाळ्या पडल्या. व्याही मानपानाच्या बाबतीत फार हळवे गृहस्थ. लग्नात पानाच्या तबकात सुपारी कमी पडली म्हणून ते अर्धा तास रुसले होते आणि त्याची झळ त्या घरात नांदायला गेलेल्या लेकीला महिनाभर लागली होती.

शेटजींनी गाडी आणि तो संच तात्यांकडे पाठवला. तात्यांनी संच उलटसुलट पाहिला, आणि संध्याकाळी जयवंतने आपल्या हाताने तो बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंत आला तेव्हा गाडी उभी होती, पण जागा बदललेली होती. त्याने सवयीने चाकाच्या आऱ्यांमधून आत नजर टाकली. भोकांच्या डिस्क गेल्या होत्या. त्यांच्या जागी साध्या, भरीव डिस्क होत्या आणि पॅडही निराळेच होते. तात्यांच्या कपाटाला कधी नव्हे ते कुलूप होते.

"काल बसवलेले काढलेत मी," तात्या हात पुसत म्हणाले. "आणि हे बघ, बाहेर कुठं बोलू नकोस."

एवढेच. पुढे ते काही बोलले नाहीत आणि जयवंतनेही विचारले नाही. एक साधा 'का' त्याच्या ओठांवर आला होता. पण तो त्याने गिळला आणि त्या जागी जुळवाजुळव सुरू केली. वर्कशॉपचे पत्रे बदलायचे आहेत, असे तात्या मागच्या आठवड्यातच म्हणाले होते. संच किमती होता. शेटजी काही चाकाखाली डोकावून बघणारे नव्हते. आणि 'बाहेर बोलू नकोस' हे वाक्य सरळ माणसाच्या तोंडी कशाला येईल?

थोड्या वेळाने तात्यांचा फोन वाजला. ते कोपऱ्यात जाऊन आवाज उतरवून बोलले, तरी शेवटचे वाक्य जयवंतच्या कानी पडलेच. "दुपारी टेम्पो घेऊन ये. पोरगा बाहेर असेल तेव्हा."

जेवण झाल्याबरोबर तात्यांनी गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"बायपासला जा. नव्या पॅडची आणि डिस्कची अजून ओळख नाही, ती करून द्यायची आहे. वेग घे, ब्रेक लावून उतरव, पण गाडी उभी करू नकोस. पुन्हा वेग घे, पुन्हा उतरव. जळका वास येईल, घाबरू नकोस. नंतर ब्रेकला पाय न लावता सावकाश हिंडव, निवू दे. आणि एक लक्षात ठेव. डिस्क तापलेली असताना पाय दाबून उभा राहायचं नाही."

जयवंत मान डोलावून निघाला. त्याला वाटले, काय छान युक्ती आहे! मला गावाबाहेर फिरायला लावायचे आणि मागे टेम्पो आत घ्यायचा.

बायपासवर त्याने सांगितल्याप्रमाणे वेग घेतला, उतरवला, परत घेतला. एरवी अशी गाडी चालवायला मिळाली असती तर तो हरखून गेला असता. त्या दिवशी त्याचे सगळे लक्ष मागे होते. जळका वास आला तसा त्याने निवण्याची वाट न बघता गाडी वळवली आणि तडक वर्कशॉप गाठले.

फाटकाबाहेर रस्ता उताराचा आहे. तिथे बाभळीआड गाडी थांबवून, ब्रेक गच्च दाबून, तो आत बघत राहिला. टेम्पो खरेच आला होता. तात्या ते खोके पोत्यात गुंडाळून बाहेर आणत होते. त्यांनी ते टेम्पोत मागे ठेवले, वरून आणखी एक पोते टाकले, ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली आणि दोघे कशावर तरी हसले. जयवंतचा पाय ब्रेकवर तसाच होता. खरे सांगायचे तर, त्या क्षणी त्याला वाईट वाटण्याआधी बरे वाटले. आपली जुळणी बरोबर निघाली, याचा तो आनंद होता. संशयी माणसाला हा आनंद फार महागात पडतो, पण तो मिळतो तेव्हा फुकटच वाटतो.

टेम्पो गेला. जयवंतला आत जाऊन तात्यांना विचारता आले असते. चार पावलांचे अंतर होते. त्याने गाडी सरळ बाजाराकडे नेली.

गुळाच्या पेठेत शेटजी गादीवर बसले होते आणि शेजारी लोडाला टेकून बशीतून चहा पिणारे एक गृहस्थ होते. ते व्याही होते. जयवंत त्यांना ओळखत होता, कारण ते त्याच्याच गल्लीत राहत. त्याला वाटले, बरेच झाले, साक्षीदारही मिळाला.

"शेटजी, रागावू नका, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "तुमच्या गाडीला ते रेसचे ब्रेक नाहीयेत. तात्यांनी काढून घेतले. आत्ता माझ्या डोळ्यांदेखत टेम्पोतून बाहेर पाठवले."

शेटजींचा चेहरा पांढराफटक पडला. जयवंतला वाटले, धक्का बसला बिचाऱ्यांना. व्याह्यांनी बशी खाली ठेवली.

"आम्ही दिलेले?" ते म्हणाले. "अहेराचे?"

"हो. तेच."

"बोलवा त्या तात्याला. आत्ताच्या आत्ता."

शेटजी म्हणाले, "जाऊ द्या ना, बघू नंतर," पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. व्याह्यांनी स्वतःच फोन लावायला सांगितला. तात्या रिक्षाने आले. दारात चपला काढताना त्यांनी आधी शेटजींकडे पाहिले, मग व्याह्यांकडे, आणि शेवटी जयवंतकडे. त्यांना सगळे कळले असावे. जयवंतने नजर चुकवली नाही. तो तर न्यायाच्या बाजूने उभा होता.

"आमचा संच तुम्ही काढलात?" व्याह्यांनी विचारले.

"काढला. ते ब्रेक शर्यतीचे. चांगले तापल्याशिवाय ते धरत नाहीत, आणि ही गाडी मंडईतून फिरते, ती तापणार कधी? फार मऊ पॅड घातले असते तर इथं छान धरले असते, पण घाट उतरताना दमले असते. म्हणून मधले घातलेत. सकाळी फाटकातही धरतील आणि घाटातल्या शेवटच्या वळणावरही. डिस्क साधी घातली, कारण भोकांत बाजारातला चिखल बसतो आणि पुढंमागं भोकापासूनच तडा सुरू होतो."

"म्हणजे माझ्या मुलाला त्यातलं कळत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"तसं नाही. वस्तू चांगलीच आहे. वाट वेगळी आहे."

"शेटजींना विचारलं होतंत?"

इथे तात्या थांबले. शेटजी गादीच्या चादरीवरची एक सुरकुती बोटाने सपाट करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी माझ्या जबाबदारीवर काढले," तात्या म्हणाले.

"मग कुठं आहे आमचा संच?"

"आता माझ्याकडे नाही."

"विकला म्हणा की सरळ!"

तात्यांनी 'हो' म्हटले नाही आणि 'नाही'ही म्हटले नाही. ते हात जोडून उभे राहिले. जयवंतला हे तात्या ओळखीचे वाटेनात. जो माणूस एक सैल नट राहिला तर चिडून सगळे काम उलगडायला लावायचा, तो इतका मवाळ कसा झाला? चोरी पकडली गेली की माणसे अशीच होतात, असे त्याने स्वतःला समजावले. पण या वेळी जुळणी नीट बसेना.

"पोलिसांत दिलं पाहिजे असल्या माणसाला," व्याही उठत म्हणाले.

"नको, नको," शेटजी घाईघाईने म्हणाले. "म्हातारा माणूस आहे. सोडून द्या."

"तुमच्या या मोठेपणामुळंच हे लोक सोकावतात, शेटजी. तुमचं मन मोठं आहे म्हणून गप्प बसतो. गल्लीत मात्र सांगितल्याशिवाय राहणार नाही." आणि तात्यांना वळसा घालून, जणू अंगाला लागू नये म्हणून धोतराचा सोगा आवरत, ते निघून गेले.

ते कोपऱ्यावर वळेपर्यंत तिघे त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मग शेटजी उठले आणि जयवंतचा दंड धरून त्याला मागच्या गोदामात घेऊन गेले. गुळाच्या ढेपांच्या थप्पीमागे, पोत्यात गुंडाळलेले ते खोके होते. जयवंतने बघताक्षणी ओळखले. मघापासून ते त्या भिंतीच्या पलीकडेच होते.

"अरे लेका, मीच सांगितलं होतं हे सगळं," शेटजी म्हणाले. "आज भल्या पहाटे तात्या गाडी घेऊन घरी आले. मला बसवलं, फाटकातून उतारावर सोडायला लावली आणि म्हणाले, लावा ब्रेक. मी लावला. गाडी थांबेचना! थांबली ती पार रस्त्याच्या मध्यावर, आणि पुढ्यातून दुधवाला गेला सायकलवर. हातभर अंतर राहिलं असेल. मी म्हटलं, तात्या, काढून टाका, पण व्याह्यांना कळता कामा नये. अहेर नाकारला असं त्यांच्या मनात आलं तर माझी पोरगी त्या घरात सुखानं जेवायची नाही. म्हणून गुपचूप, मागच्या दारानं, इथं आणून ठेवायला सांगितलं."

जयवंत मागे वळला. तात्या दारात उभे होते.

"मला का नाही सांगितलंत, तात्या?"

"तू त्यांच्या गल्लीतला. रोज दिसणार, रोज विचारणार ते, काय म्हणतात आमचे ब्रेक? तुला खोटं बोलायला लागू नये, म्हणून तुला त्यातून बाहेर ठेवला." तात्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "तिथं माझं चुकलंच. नुसतं गप्प बस म्हणायचं आणि कारण सांगायचं नाही, यानं कुणाच्याही मनात येणारच. चल, गाडी घे."

परत जाताना जयवंत चालवत होता. मंडईच्या तोंडाशी त्याने ब्रेक लावला तेव्हा स्टिअरिंग हातात थरथरले. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. येताना घाईत त्याचे तिकडे लक्षच गेले नव्हते. नवे पॅड, नवी डिस्क, आणि हा थरकाप?

"तापलेली असताना पाय दाबून उभा होतास कुठं तरी," तात्या म्हणाले. "कुठं?"

"आपल्याच फाटकाबाहेर," जयवंत म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि पुढचा रस्ता पुसट दिसू लागला. "टेम्पो बघत."

वर्कशॉपला पोचल्यावर तात्यांनी चाक उतरवायला लावले. गुळगुळीत डिस्कवर एका ठिकाणी काळपट शिक्का उमटला होता, बरोबर पॅडच्या आकाराचा. जयवंतने त्यावर बोट फिरवले. डाग बोटाला लागत नव्हता, पण चाक फिरले की प्रत्येक फेरीला तो पॅडखाली येणार आणि प्रत्येक फेरीला गाडी हादरणार.

तात्या स्टुलावर बसले.

"संशय आला, यात तुझं काही चुकलं नाही. संशय हा माणसाचा ब्रेकच आहे. तो ज्याच्यापाशी नाही त्याला मी गाडीखाली हात घालू देणार नाही. पण शहाण्या माणसाचा संशय थंड असतानाच धरतो. मनात आलं की तिथल्या तिथं विचारतो, तात्या, हे काय चाललंय? उत्तर मिळालं की पाय उचलतो. तू गार असताना विचारलं नाहीस. चांगला तापलास, आणि मग पाय दाबून धरलास. डाग ब्रेक लावल्यानं पडत नाही, जयवंता. तापलेल्यावर दाबून धरल्यानं पडतो."

जयवंत उठून उभा राहिला.

"मी व्याह्यांना जाऊन सांगतो. खरं काय ते सगळं सांगतो," जयवंत म्हणाला.

"आणि त्या मुलीचं काय?"

जयवंत परत खाली बसला. आपण काय करून ठेवले ते आता त्याला पुरते कळले. उभ्या हयातीत ज्या माणसाच्या कामाकडे कोणी बोट दाखवले नव्हते, त्याचे नाव आज संध्याकाळपर्यंत गल्लीत खराब होणार होते, आणि ते सावरायला तोंड उघडायची जयवंतला मुभा नव्हती.

"हा डाग जातो का, तात्या?"

"डिस्कवरचा जातो. ताजा आहे. पॉलिश पेपर फिरव, चाक चढव आणि बायपासवर पुन्हा पहिल्यापासून कर. सांगितलं होतं तसं, निवेपर्यंत."

"तुम्ही येता बरोबर?"

"मी कशाला? मला जरा पडू दे," तात्या म्हणाले आणि आत जाऊन खरोखरच आडवे झाले.

जयवंतने डिस्क घासली, चाक चढवले आणि गाडी बायपासला नेली. वेग घेतला, उतरवला, पुन्हा घेतला. आणि मग ब्रेकला पाय न लावता, मागे न बघता, ऊन उतरेपर्यंत हिंडत राहिला. परतताना स्टिअरिंग शांत होते. शेटजींची लाल गाडी त्यानंतर रोज सकाळी आपल्या फाटकात मुकाट्याने थांबू लागली आणि तो गेलेला साठीचा अहेर किती उत्तम होता, हे शेटजी व्याह्यांना भेटेल तेव्हा सांगत राहिले. हो, ते काही फार शूर गृहस्थ नव्हते. पण त्यांची लेक सुखाने जेवत होती.

काही दिवसांनी गल्लीच्या तोंडाशी, चहाच्या टपरीवर, चार माणसांदेखत व्याह्यांनी जयवंतला हटकले. "काय रे, तू तर प्रामाणिक पोरगा. अजून त्या चोराच्या हाताखालीच काम करतोस?"

जयवंतच्या तोंडाशी सगळे खरे आले. गोदाम, गुळाच्या ढेपा, पोत्यातले खोके. एका वाक्याचे काम होते. ऐकणारी माणसे चहा प्यायची थांबली होती.

"हो," जयवंत म्हणाला. "त्यांच्याच हाताखाली."